फोनचं खरं वय कसं मोजायचं? अपडेट, सिक्युरिटी पॅच आणि 'नंतर' नावाचं बटण

तुमच्या फोनमध्ये रॅम किती आहे विचारलं तर लगेच सांगाल. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, तेही पाठ असेल. आता हे सांगा: तुमच्या फोनमधला सिक्युरिटी पॅच कोणत्या महिन्याचा आहे? आणि पुढे किती वर्षं मिळणार आहे?

आठवत नाही ना? मलाही सांगता आलं नसतं. घरात एक प्रकार घडला आणि मग मी हा विषय नीट समजून घेतला. आधी तो प्रकार सांगतो, मग सगळी माहिती एकेक करून बघू.

माझ्या बाबांचं तालुक्याच्या गावी छोटं किराणा दुकान आहे. २०२० च्या दिवाळीत मी सेलमध्ये एक फोन घेतला होता. चांगला डिस्काउंट होता, खूश होतो. दोन वर्षं वापरला आणि २०२२ च्या दिवाळीत नवीन घेतल्यावर जुना बाबांना दिला. देताना शहाणपणाने सांगितलं, "बाबा, अपडेटचं काही आलं तर 'नंतर' दाबा. अपडेट केलं की फोन स्लो होतो." बाबांनी माझा शब्द अडीच वर्षं पाळला.

मग २०२५ मध्ये एका बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "अरे, बँकेचं अ‍ॅप उघडत नाही. होलसेलवाला समोर उभा आहे, त्याला पैसे कसे देऊ?" अ‍ॅपची जुनी आवृत्ती बंद झाली होती आणि नवीन आवृत्तीला अँड्रॉइड ११ हवं होतं. बाबांच्या फोनवर होतं अँड्रॉइड १०. म्हणजे ११ चं अपडेट आलेलंच होतं, पण आधी मी आणि नंतर बाबांनी ते टाळलं होतं. त्या दिवशी शेजारच्या दुकानदाराकडून उसने घेऊन वेळ निभावली. रविवारी घरी जाऊन मी अपडेट केलं, अ‍ॅप सुरू झालं. पण पॅचची तारीख बघितली तर ऑगस्ट २०२२. त्यापुढे एकही अपडेट नाही, आणि येणारही नव्हतं.

म्हणजे मी तो फोन बाबांना दिला, त्याच्या दोन महिने आधीच कंपनीने त्याच्यातून अंग काढून घेतलं होतं. ज्या फोनवर दुकानाचा सगळा गल्ला येतो, तो फोन!

अपडेट म्हणजे नेमकं काय? चार वेगवेगळ्या गोष्टी

आपण सगळ्यालाच 'अपडेट' म्हणतो आणि तिथेच गोंधळ होतो. अँड्रॉइडमध्ये चार प्रकार असतात:

१. अँड्रॉइड व्हर्जन: म्हणजे १३ वरून १४, १४ वरून १५. नवीन सोयी, नवीन रूप. बातम्या यांच्याच जास्त येतात.

२. सिक्युरिटी पॅच: यात नवीन काही दिसत नाही. आतली सापडलेली भोकं बुजवली जातात, एवढंच. दिसत नाही म्हणून आपण याला किंमत देत नाही, पण माझ्या मते चौघांत सगळ्यात महत्त्वाचा हाच.

३. गूगल प्ले सिस्टिम अपडेट: २०१९ मध्ये अँड्रॉइड १० सोबत ही सोय आली. सिस्टिमचे काही भाग गूगल थेट प्ले स्टोअरमार्फत बदलू शकतं, फोन कंपनीची वाट न बघता.

४. अ‍ॅप अपडेट: व्हॉट्सअ‍ॅप, बँकेचं अ‍ॅप वगैरे. हे प्ले स्टोअरवरून येतात, ते तुम्हाला माहीतच आहे.

लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे अ‍ॅप अपडेट होत आहेत याचा अर्थ फोन सुरक्षित आहे असा नाही. बाबांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप एकदम नवीन होतं. खालची जमीन तीन वर्षं जुनी होती.

पॅच आपल्यापर्यंत कसा पोचतो?

२०१५ च्या जुलैमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाचा दोष जगासमोर आला. व्हिडिओ हाताळणाऱ्या अँड्रॉइडच्या भागात चूक होती आणि एका एमएमएसने फोनमध्ये शिरता येत होतं, काही वेळा तर मेसेज उघडायचीही गरज नव्हती. त्यावर मोठी खळबळ उडाली आणि ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दर महिन्याला सुरक्षा अपडेट द्यायला सुरुवात केली.

आता याचा प्रवास बघा. गूगल दुरुस्ती तयार करतं. क्वालकॉम, मीडियाटेकसारख्या चिप कंपन्या आपापल्या भागाची दुरुस्ती देतात. मग फोन कंपनी ते सगळं आपल्या मॉडेलमध्ये बसवते, तपासते आणि टप्प्याटप्प्याने पाठवते. महागड्या फोनला पॅच बहुतेक दर महिन्याला मिळतो. स्वस्त फोनला दोन-तीन महिन्यांतून एकदा. आणि जुन्या मॉडेलचं काम कंपनी एक दिवस थांबवूनच टाकते.

यात अडचण कुठे आहे? दुरुस्ती जाहीर होते तेव्हा दोष कुठे होता हेही जाहीर होतं. चोरालाही ते वाचता येतं. म्हणजे ज्यांनी पॅच टाकला ते सुटले, ज्यांनी नाही टाकला त्यांच्या घराचं कुलूप कसं उघडतं हे आता सगळ्यांना माहीत.

कॉम्प्युटरच्या जगात याचं मोठं उदाहरण आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या व्हायरसने जगभरातले विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले, ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांची कामं ठप्प झाली. त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, दिलेली होती. अनेकांनी ती टाकलीच नव्हती.

तुम्ही अधूनमधून बातमी वाचत असाल, 'अँड्रॉइड वापरणाऱ्यांना सरकारचा गंभीर इशारा'. हा इशारा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेचा असतो. हेडलाइन वाचून घाबरायचं कारण नाही. अशा इशाऱ्यात बहुतेक वेळा त्या महिन्याच्या पॅचमध्ये दुरुस्त झालेल्या दोषांचीच यादी असते, आणि उपाय एकच लिहिलेला असतो: अपडेट करा. पण ज्यांना अपडेट येतच नाही त्यांनी काय करायचं, हे बातमी सांगत नाही.

वर्षं कुठून मोजायची? इथेच आपण फसतो

जाहिरातीत लिहिलेलं असतं, '३ वर्षं सिक्युरिटी अपडेट'. आपल्याला वाटतं, आपण घेतल्यापासून तीन वर्षं. तसं नसतं. बहुतेक कंपन्या हे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात.

माझाच हिशोब बघा:

- मॉडेल बाजारात आलं: ऑगस्ट २०१९
- कंपनीने कबूल केलेली अपडेट्स: ३ वर्षं, म्हणजे ऑगस्ट २०२२ पर्यंत
- मी फोन घेतला: नोव्हेंबर २०२०
- आधीच संपलेले महिने: १५
- माझ्या हातात उरलेले महिने: ३६ पैकी २१

डिस्काउंट का मिळत होता ते आता कळलं! सेलमध्ये जुनं मॉडेल स्वस्त मिळतं, कारण त्याचं अर्धं आयुष्य गोदामात गेलेलं असतं. तसा फोन घेऊ नये असं मी म्हणत नाही. भाव योग्य असेल तर जरूर घ्या, पण उरलेले महिने मोजून घ्या.

कोण किती देतं? गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ सोबत ७ वर्षं जाहीर केली. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला तेवढीच दिली. अ‍ॅपल आधीपासूनच यात पुढे आहे. २०१३ च्या आयफोन ५एस ला जानेवारी २०२३ मध्येसुद्धा एक सुरक्षा अपडेट मिळालं होतं. हे सगळे महागडे फोन झाले. स्वस्त फोनांत दोन ते चार वर्षं हे नेहमीचं. पण सॅमसंगनेच गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या कमी किमतीच्या फोनला ६ वर्षं कबूल केली आहेत. म्हणजे स्वस्त फोनला जास्त वर्षं देता येत नाहीत, हे कारण मला पटत नाही.

दोन ठिकाणी कायद्याने यात हात घातलाय. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंच्या कंपन्यांना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते सांगावंच लागतं. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून नवे नियम लागू झाले. त्यात मॉडेलची विक्री थांबल्यानंतर पुढे किमान ५ वर्षं अपडेट उपलब्ध ठेवण्याची अट आहे. मोजणी विक्री थांबल्यापासून, हे महत्त्वाचं.

माझं मत विचाराल तर पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर 'बेस्ट बिफोर' असतं, तर पंधरा हजारांच्या फोनच्या बॉक्सवर शेवटच्या अपडेटची तारीख छापायला काय हरकत आहे?

अपडेट बंद झाल्यावर काय होतं?

फोन त्या दिवशी बंद पडत नाही. म्हणूनच कोणाला कळत नाही. हळूहळू असं होत जातं:

आधी: काहीच जाणवत नाही. फोन छान चालतो, फक्त नवीन सापडलेली भोकं उघडी राहत जातात.

मग: अ‍ॅप्स एकेक करून साथ सोडतात. बँका आणि पेमेंट अ‍ॅप्स यात लवकर असतात, आणि त्यांचंही बरोबर आहे, कारण पैशाचा प्रश्न आहे. व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा ठरावीक काळाने सगळ्यात जुन्या आवृत्त्या बंद करतं.

शेवटी: वेबसाइटसुद्धा उघडायला कुरकुर करतात. साइट सुरक्षित आहे की नाही हे फोन प्रमाणपत्रांवरून ओळखतो आणि विश्वासाच्या प्रमाणपत्रांची यादी फोनमध्येच असते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था लाखो साइट्सना मोफत प्रमाणपत्रं देते. तिचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांच्या यादीत नव्हतंच. ती ज्या जुन्या प्रमाणपत्रावर अवलंबून होती, ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. जुन्या फोनांसाठी संस्थेने तात्पुरती सोय केली, पण तीही २०२४ पर्यंतच होती. फायरफॉक्स ब्राउझर स्वतःची यादी सोबत आणतो, त्यामुळे जुन्या फोनवर साइट उघडत नसेल तर तेव्हा त्याचा उपयोग व्हायचा.

'अपडेट केलं की फोन स्लो होतो', खरं की खोटं?

हे बोलणं पूर्ण खोटं नाही, म्हणून मी कोणाला हसत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने कबूल केलं होतं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग अपडेटमार्फत कमी केला जातो. कारण दिलं ते फोन अचानक बंद पडू नये म्हणून. लोकांना आधी न सांगता केल्यामुळे मोठा वाद झाला, कोर्टकचेरी झाली, फ्रान्समध्ये २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड झाला.

पण रोजच्या अनुभवात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात:

- अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस फोन गरम होतो आणि बॅटरी उतरते. आत अ‍ॅप्स नव्याने जुळवली जात असतात, फोटोंची यादी पुन्हा बनत असते. दोन-तीन दिवस थांबा, मग मत बनवा.
- जुन्या, कमी रॅमच्या फोनवर अँड्रॉइड व्हर्जन बदलल्यावर थोडा वेग कमी होऊ शकतो. सिक्युरिटी पॅच सहसा लहान असतो, त्याने फोन रखडायचं कारण नाही.

म्हणजे मोठ्या व्हर्जनसाठी आठवडाभर थांबून इतरांचे अनुभव बघायचे असतील तर खुशाल बघा. पॅचला मात्र 'नंतर' नको. मी बाबांना सरसकट सांगितलं, ती माझी चूक.

आत्ता तपासा: दोन मिनिटांचं काम

१. सेटिंग्ज उघडा, 'अबाऊट फोन' मध्ये जा आणि 'अँड्रॉइड व्हर्जन' वर दाबा. काही फोनमध्ये हे 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन' मध्ये असतं.

२. 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट' किंवा 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' समोरची तारीख बघा. तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर 'सॉफ्टवेअर अपडेट' मध्ये जाऊन शोधा. वर्षापेक्षा जुनी आणि नवीन काही येत नसेल, तर बहुतेक तुमच्या फोनचं वय झालंय.

३. त्याच जागी 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' दिसेल. त्यावर दाबून तेही करून घ्या. बरेच जण इथे कधी जातच नाहीत.

४. तुमचं मॉडेल कधी बाजारात आलं आणि किती वर्षं कबूल केलीत ते कंपनीच्या अधिकृत साइटवर बघा आणि शेवटचा महिना कुठेतरी लिहून ठेवा.

खोट्या 'अपडेट' पासून सावध

हे वाचून कोणी घाईत भलतंच करू नये म्हणून सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'बँक अ‍ॅप अपडेट', 'केवायसी अपडेट' अशा नावाच्या एपीके फाइल फिरतात. एखादी साइट मोठ्या लाल अक्षरांत 'तुमचा फोन जुना झाला आहे, लगेच अपडेट करा' म्हणते. हे अपडेट नव्हे, चोरी आहे. खरं अपडेट दोनच ठिकाणांहून येतं: फोनची सेटिंग्ज आणि प्ले स्टोअर. बँक कधीही व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके पाठवून अपडेट करायला सांगत नाही.

चुकून टाकलं असेल तर आधी नेट बंद करा, बँकेला कळवून खातं गोठवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

जुना फोन घरी देताना

आपल्याकडे फोन मुलाकडून आई-बाबांकडे आणि तिथून आजीकडे जातो. वाईट काही नाही. फक्त उलटं होतं ते बघा: सगळ्यात जुना फोन नेमका अशा माणसाकडे जातो, ज्याला फसवणूक ओळखायची सवय सगळ्यात कमी आहे.

म्हणून मी आता हे पाळतो:

- अपडेट बंद झालेल्या फोनवर यूपीआय आणि बँकेचं अ‍ॅप ठेवायचं नाही. गाणी, यूट्यूब, भजनं, कॅमेरा यासाठी तो फोन मस्त आहे.
- काही दिवस तोच वापरावा लागणार असेल तर पेमेंटसाठी वेगळं खातं ठेवायचं आणि त्यात गरजेपुरतेच पैसे.
- 'अननोन अ‍ॅप्स' इन्स्टॉल करायची परवानगी सगळीकडून बंद करायची.
- सेकंड-हँड फोन घेताना विक्रेत्यासमोरच पॅचची तारीख बघायची. स्क्रीनवरचे ओरखडे आपण निरखून बघतो, ही तारीख त्याहून महत्त्वाची आहे.

नेहमीचे प्रश्न

अपडेट केल्यावर फोटो उडतात का? नाही, नेहमीच्या अपडेटमध्ये डेटा तसाच राहतो. तरी मोठ्या व्हर्जनच्या आधी बॅकअप घ्यावा.

किती डेटा लागतो? पॅच बहुतेक काही शे एमबीचा असतो, मोठं व्हर्जन एक-दोन जीबी किंवा जास्त. वाय-फायवर करा, बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या.

अर्ध्यात लाइट गेली तर? फोन स्वतःच्या बॅटरीवर चालतो, काळजी नाही. शिवाय बऱ्याच फोनमध्ये सिस्टिमच्या दोन प्रती असतात. नवीन एकीवर बसते, बिघडली तर फोन जुनीवर परततो.

कस्टम रॉम टाकून जुना फोन चालवता येतो का? लिनिएजओएस सारखी रॉम काही मॉडेलना मिळते आणि शिकायला मजाही येते. पण बूटलोडर उघडल्यावर अनेक बँक अ‍ॅप्स चालायला नकार देतात. चिपच्या आतल्या दुरुस्त्याही त्यातून मिळतीलच असं नाही. तेव्हा प्रयोगाला ठीक, दुकानाच्या फोनला नाही.

शेवटी एवढंच

बाबांना आता एक साधाच फोन घेऊन दिलाय. कॅमेरा माझ्या फोनपेक्षा हलका आहे, पण अपडेट २०३० पर्यंत आहेत. जुना फोन दुकानात गाणी वाजवायला असतो. परवा बाबांचा पुन्हा फोन आला, "अरे, अपडेट आलंय. आता काय दाबू?"

म्हटलं, "बाबा, रात्री दुकान बंद केलं की चार्जिंगला लावा आणि 'इन्स्टॉल' दाबा. 'नंतर' आता विसरा."

तुम्हीही आज घरी गेल्यावर आईचा, बाबांचा फोन मागून घ्या आणि ती एक तारीख बघा.